मुलाला ब्लूग्रास वाजवायचंय? वाद्य घेण्याआधी हे वाचा
(बे एरियातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

ब्लूग्रास म्हणजे तारवाद्यांच्या मेळावर वाजणारं अमेरिकन लोकसंगीत. शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारं मूल अचानक ‘मला फिडल हवं’ म्हणायला लागलं, की पालक आमच्याकडे नव्या वाद्याची किंमत विचारायला येतात. खर्च वाचवा. फिडल म्हणजे घरात आहे तेच व्हायोलिन. हात मात्र नव्याने बसवावा लागतो, आणि त्यासाठी संगत हवी. ती कुठे मिळते, हे सांगायला हे पत्रक.

ब्लूग्रासचा बाज घडवला केंटकीच्या बिल मन्रो यांनी. 1945 च्या अखेरीस तीन बोटांनी बँजो वाजवणारे अर्ल स्क्रग्ज त्यांच्या बँडमध्ये आले आणि मेळ ठरून गेला: मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार, डबल बेस. ड्रम नाहीत. बेस पहिली-तिसरी मात्रा धरतो, मँडोलिन दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ‘चॉप’, म्हणजे लगेच दाबून थांबवलेला तुटक ठोका, मारते. सगळा ठेका त्यावर उभा. त्यामुळे खोलीत एकट्याने यूट्यूब बघून शिकलेलं मूल चाल झकास वाजवतं, पण चारचौघांत बसलं की गडबडतं.

म्हणून आधी कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनकडे चौकशी करा. ही 1974 साली सुरू झालेली, सभासद आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संस्था. गावोगावच्या जॅमची, म्हणजे गोल करून एकत्र वाजवायच्या बैठकींची, माहिती तिच्याकडे मिळते. बर्कलीच्या ‘फ्रेट अँड सॅल्व्हेज’ या संगीत सभागृहातही वर्ग आणि जॅम होतात. नवख्यांनी ‘स्लो जॅम’ शोधावा. तिथे गाणी मुद्दाम संथ लयीत घेतात.

जॅममध्ये कुणी परीक्षा घेत नाही. भजनी मंडळात नवखा माणूस मागे बसून टाळ धरतो, तसं इथे बाहेरच्या कड्यात उभं राहून हळू आवाजात कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरायचे. ज्याची पाळी, तो गाणं आणि पट्टी सांगतो. कॉर्ड आकड्यांनी ओळखतात: ‘जी’ (G) पट्टीत 1, 4, 5 म्हणजे जी, सी, डी. कुणीतरी बोटं वर करून दाखवतंच. एकट्याने वाजवायच्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात; नको असेल तर नुसती मान हलवायची, पाळी पुढे जाते. कुणी गात असताना आपली करामत दाखवायची नाही, हा मात्र कडक नियम. आणि गाणं सुरू करणाऱ्याने एक पाय उचलला, की ओळखायचं, आता संपवायचंय.

नोटेशन समोर नसतं. कानाने शिकायची सवय असलेली, सरगम घोटलेली आपली मुलं इथे पटकन रुळतात, असं आम्हाला दिसतं. एक अडचण आहे. हिंदुस्तानी किंवा कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा असं लावतात; फिडल जी-डी-ए-ई. एकाच वाद्याच्या तारा दर आठवड्याला चढवू-उतरवू नका, तारा तुटतात. दुसरं साधं व्हायोलिन भाड्याने घ्या. मँडोलिनचं लावणंही जी-डी-ए-ई असल्यामुळे व्हायोलिनवाल्या मुलांची डाव्या हाताची बोटं तिथे आपसूक पडतात.

वाद्य लगेच विकत घेऊ नका. दुकानदारानेच असं सांगणं विचित्र वाटेल, पण असोसिएशनकडे मुलांसाठी वाद्यं उसनी देण्याची सोय आहे; लोकांनी दान केलेली वाद्यं तिथे असतात. आधी ती विचारा. मूल टिकलं तर आमच्याकडे या, मोजमाप बघून देऊ.

बँजो घरी आणलात तर एक लक्षात ठेवा: त्याची घोडी (ब्रिज) चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की ती खाली पडते आणि मग सूर जुळत नाहीत. तार एकेक करून बदला. घोडी सरकलीच तर मेरूपासून (खुंट्यांजवळ तारा टेकतात ती पट्टी, ‘नट’) बाराव्या पडद्यापर्यंतचं (फ्रेट) अंतर मोजा आणि बाराव्या पडद्यापासून तेवढ्याच अंतरावर ती ठेवा. मग कानाने किंचित मागेपुढे करा.

जूनमध्ये ग्रास व्हॅलीच्या नेवाडा काउंटी फेअरग्राउंड्सवर असोसिएशनचा फादर्स डे महोत्सव भरतो. पाइनच्या झाडांखाली तंबू, आणि रात्री उशिरापर्यंत तंबूतंबूंत जॅम. खरं शिक्षण तिथेच होतं, असं आमचं मत. ‘किड्स ऑन ब्लूग्रास’मध्ये मुलं तिथेच तालीम करून मुख्य मंचावर वाजवतात. नुसतं ऐकायचं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात शरद ऋतूत भरणारा ‘हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास’ बरा. 2001 पासून चालू आहे आणि प्रवेश फुकट. गर्दी मात्र बेसुमार, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका.

ग्रास व्हॅलीला जाताना वाद्य बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. उन्हात तापलेल्या गाडीत सरस मऊ पडतो आणि व्हायोलिनचे सांधे उकलतात. दर उन्हाळ्यात अशी वाद्यं आमच्या टेबलावर येतात. महोत्सवाआधी तारा, घोडी, खुंट्या तपासून हव्या असतील तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच वाद्य आणून टाका. नंतर रांग लागते.