ब्रेक डिस्कला लेथ मारणे

मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी ब्रेक डिस्क ही बिडाची चकती असून तिच्यावर पडलेले चरे, खोल गेलेला गंज आणि जाडीतील असमानता घालवण्यासाठी दोन्ही बाजूंनी धातूचा पातळ थर लेथवर उतरवला जातो. गॅरेजमध्ये या कामाला ‘डिस्कला लेथ मारणे’ किंवा ‘फेसिंग’ म्हणतात.

कोकण किनारपट्टीवर या कामाची गरज बहुधा गंजामुळे पडते. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारी तांबूस झाक पहिल्या दोन-चार ब्रेकांतच पुसली जाते, त्यासाठी लेथची आवश्यकता नसते. मात्र मिरगापासून गणपतीपर्यंत खाऱ्या हवेत न हलवता ठेवलेल्या किंवा पुळणीवर लाटांच्या पाण्यातून फिरवून न धुतलेल्या गाडीच्या डिस्कला गंज खोलवर खातो, आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कवर आवळला जाणारा घर्षणाचा तुकडा) जिथे टेकून राहिला तिथे त्याच्या आकाराचा ठसा उमटतो.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले किंवा पेडल पायाखाली उडू लागले, की ‘डिस्क वाकली’ असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी कमीजास्त झालेली असते, आणि हा फरक ०.०२ मिलिमीटरच्या आसपास असला तरी पायाला जाणवू शकतो. याचे मूळ अनेकदा हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावर असते. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, तर डिस्क किंचित तिरपी बसते, दर फेरीला तिची तीच जागा पॅडला घासते आणि तिथली जाडी कमी होत जाते. त्यामुळे हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ न करता नुसती डिस्क लेथवर नेली, तर काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. हे टाळण्यासाठी डिस्क बसवल्यावर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे मापयंत्र) लावून तिचा डोल मोजतात. तो साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत असावा लागतो, नेमकी मर्यादा त्या त्या गाडीच्या कंपनीने दिलेली धरावी.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न उरणाऱ्या जाडीचा आहे. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो. नवी असताना २२ मिलिमीटर जाड असलेल्या, मधून हवा खेळणाऱ्या डिस्कची मर्यादा पुष्कळदा २० मिलिमीटर असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम २ मिलिमीटर धातू हाताशी असतो आणि त्यातला काही भाग पुढच्या झिजेसाठी राखावा लागतो. मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी मोजून कापानंतरची जाडी मर्यादेखाली जाणार असेल, तर डिस्क बदलणे हाच मार्ग असतो. पातळ डिस्क लवकर तापते. कशेडी, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, आणि दमट हवेतील पाणी शोषून त्याचा उत्कलनबिंदू आधीच खाली आलेला असेल, तर ते उकळून पेडल एकाएकी पोकळ जाते. भेगा गेलेली डिस्क जाडी शिल्लक असली तरी लेथवर घासू नये. तापून निळे डाग पडलेल्या डिस्कमध्ये बीड जागोजागी कडक झालेले असते, तिथे हत्यार उसळते आणि उंचवटे पुन्हा वर येतात.

एका आसाच्या दोन्ही डिस्क एकाच वेळी लेथवर घासतात, म्हणजे ब्रेक एका बाजूला ओढत नाही. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घेणे, पॅड धरणारा कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न सोडणे आणि ब्रेकची धूळ हवेच्या नळीने न उडवणे आवश्यक असते. धूळ न उडवण्याचे कारण म्हणजे काही जुन्या पॅडांत फुप्फुसाला घातक असे ॲस्बेस्टॉस असते. घासलेली डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करतात, कारण लोखंडाचा बारीक कीस पॅडमध्ये रुतून बसतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, ठरलेल्या ताणाने आवळावे लागतात.

पॅड बसवताना ते दाबणारे कॅलिपरमधले पिस्टन मागे ढकललेले असल्याने पहिल्या दाबाला पेडल तळाला जाते. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी ते घट्ट होईपर्यंत दाबावे, आणि सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून हलके ब्रेक मारून पॅड डिस्कला बसू द्यावेत. तोवर घाटात उतरू नये.