मागे राहणारं पुढचं चाक

खुर्चीला किंवा ढकलगाडीला खाली छोटी फिरती चाकं असतात. गाडी कुठेही ढकला, ती चाकं गर्रकन फिरतात आणि मुकाट मागून येऊ लागतात. चाक ज्या खिळीभोवती फिरतं, त्या खिळीच्या थोडं मागे ते जमिनीला टेकलेलं असतं, म्हणून हे घडतं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचंही असंच आहे, फक्त ते चटकन दिसत नाही. हँडल ज्या आसाभोवती फिरतं तो आस तिरका असतो. ती तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवली, तर टायर जिथे टेकतो त्या जागेच्या पुढे ती जमिनीला भेटते. या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. जुन्या रेसिंग मोटरसायकलींवर ते शंभर मिलिमीटरच्या आगेमागे असतं, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. गाडी सरळ धावणार की डुलणार, वळणात सहज झुकणार की अडून बसणार, यातलं बरंचसं या अर्ध्या वितीत ठरतं.

ट्रेल तीन गोष्टींवर अवलंबून असतो. आसाचा उभ्या रेषेपासूनचा कल, ज्याला रेक म्हणतात, चाकाची त्रिज्या, आणि ऑफसेट, म्हणजे पुढचं चाक धरणारे फोर्कचे दांडे आसाच्या किती पुढे पकडले आहेत ते अंतर. कल वाढला की ट्रेल वाढतो, चाक मोठं घेतलं तरी वाढतो. ऑफसेट वाढवला की मात्र तो घटतो, आणि इथे भलेभले फसतात. चाक पुढे सरकवल्यावर ट्रेल कमी कसा होईल? टायर टेकण्याची जागाही चाकाबरोबर पुढे सरकते आणि तिच्या पुढे असलेल्या आसाच्या रेघेजवळ जाते, म्हणून.

एक उदाहरण आकड्यांत घेऊ. समजा रेक २७ अंश, पुढच्या चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर आणि ऑफसेट ५५ मिलिमीटर. ट्रेल येतो सुमारे १०१ मिलिमीटर. आता फोर्कचे दांडे ज्या पकडीत बोल्टने आवळलेले असतात, तिच्यातून ते २० मिलिमीटर वर सरकवले, म्हणजे गाडीचं तोंड तेवढं खाली बसलं. दोन चाकांमधलं अंतर १,४०० मिलिमीटर धरलं, तर रेक साधारण पाऊण अंशाने कमी होतो आणि ट्रेल उतरतो ९६-९७ वर. फरक पाचएक मिलिमीटरचा, पण सरावलेल्या रायडरला तो जाणवतो. हँडल हलकं होतं, वळणात शिरायला कमी जोर लागतो, आणि लांब सरळ रस्त्यावर पुढचं टोक थोडं अस्वस्थ वाटू लागतं. शिवाय वजन किंचित पुढे सरकलं, एक्झॉस्ट आणि पायदाण्या जमिनीच्या जवळ आल्या. सैल केले फक्त पकडीचे बोल्ट, हललं सगळंच.

ट्रेल म्हणजेच स्थैर्य, असं मात्र समजू नका. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी चालवताच येणार नाही अशी सायकल बनवण्याचा चंग बांधला होता. पुढच्या चाकाशेजारी त्यांनी उलटं फिरणारं दुसरं चाक बसवलं, म्हणजे फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम रद्द व्हावा. सायकल तरीही चालवता आली. मग त्यांनी पुढचं चाक आणखी पुढे नेऊन ट्रेलच खाऊन टाकला, आणि ती सायकल चालवणं खरोखरच जिकिरीचं झालं. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि ट्रेलचा भाव वधारला. पण २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक अशी छोटी सायकल करून दाखवली, जिच्यात भोवऱ्याचा परिणामही नव्हता आणि मागे राहणारा ट्रेलही नव्हता. तरीही ढकलून सोडली की ती स्वतःच तोल सांभाळत जाई. तिचं गुपित वजनाच्या मांडणीत होतं. कुठलं वस्तुमान कुठे आणि किती उंचीवर आहे, हेही भूमितीइतकंच बोलतं.

वरचे सगळे आकडे एक गोष्ट गृहीत धरतात: चेसिस दगडासारखी घट्ट आहे. जुन्या मोटरसायकलींचं खरं दुखणं इथेच असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीचं एकसिलिंडर ५०० सीसी इंजिन इटलीच्या चारसिलिंडर गिलेराच्या ताकदीपुढे मागे पडू लागलं होतं. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या भावांनी इंजिनाऐवजी चौकटीला हात घातला. नळ्यांचे दोन पूर्ण वेढे, हँडलच्या मानेपाशी एकमेकांना ओलांडणारे, आणि मागे, चाक धरून वरखाली होणाऱ्या चिमट्यावर, उभे शॉक अॅब्सॉर्बर. ही चौकट चालवून आल्यावर रेसर हॅरोल्ड डॅनियल म्हणाला की पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं, आणि तिचं नाव पडलं फेदरबेड. १९५० साली आइल ऑफ मॅन बेटावर झालेल्या सीनियर टीटी शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे आले, पहिला जेफ ड्यूक. त्या वर्षीचं ५०० सीसीचं जगज्जेतेपद गिलेराच्या उंबेर्तो मासेत्तीने एका गुणाने नेलं, पण पुढच्याच वर्षी ड्यूकने ते नॉर्टनवर मिळवलं. जास्त ताकदवान गाड्या सरळ रस्त्यावर जे कमवत, ते वळणांत गमावत होत्या.

फेदरबेडचं मर्म सुबकपणात नव्हतं. वळणात पुढचं चाक एकीकडे पीळ घालतं, मागचं दुसरीकडे. हँडलची मान आणि चिमट्याचा आस यांच्यामधली चौकट पिळली, तर दोन्ही चाकं एका पातळीत राहत नाहीत आणि कागदावरच्या भूमितीला अर्थ उरत नाही. म्हणून जुन्या रेसिंग गाडीवर रेकचा विचार करण्याआधी कंटाळवाणी कामं उरकावी लागतात. मानेतल्या बेअरिंगमध्ये खेळ आहे का? चिमट्याचे बुश झिजलेत का? मागचं चाक आडवं हलवून पाहा. टोकाला दोन मिलिमीटर जरी हललं, तरी सरळ रस्त्यावर ते रायडरला दहापट वाटतं. चौकट कधीतरी पडल्यामुळे वाकलेली असू शकते, म्हणून दोरी ताणून किंवा सरळ पट्टी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघायचं. साखळी ताणण्यासाठी मागच्या चाकापाशी कोरलेल्या खुणांवर विसंबू नका, त्या कितीदा तरी खोट्या निघतात. माझ्या मते ‘हँडलिंग बिघडलंय’ अशा तक्रारींतल्या निम्म्या तरी इथेच मिटतात.

आता ब्रेकचा क्षण पाहू. रायडर धरून २०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर, चाकांमधलं अंतर १.४ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लावला की सुमारे ६८ किलो भार मागून पुढे जातो. फोर्क दबतो, मागची बाजू उचलली जाते. फोर्क ६० मिलिमीटरने बसला आणि मागचा भाग २० ने उठला असं धरलं, तर रेक तीन अंशांहून जास्त घटतो आणि आपला १०१ मिलिमीटरचा ट्रेल ८० वर येतो. मघाशी ज्या पाच मिलिमीटरसाठी आपण पकड सैल केली होती, त्याच्या चौपट फरक रायडरच्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी पाडला. म्हणूनच रेसिंगमध्ये स्प्रिंगही भूमितीतच मोजतात. स्प्रिंग मऊ असेल तर ब्रेक लावल्यावर गाडी वळणात झटकन शिरते, पण ब्रेक सोडला की तोंड वर येतं, रेक वाढतो आणि गाडी वळणाबाहेर ओढू लागते. रायडर येऊन सांगतो, ‘गाडी बाहेर जातेय.’ ऐकणारा ट्रेल कमी करतो, आणि दुखणं असतं ते स्प्रिंगचं किंवा दबून परत येण्याचा वेग ठरवणाऱ्या तेलाचं.

मागच्या बाजूचं गणित साखळीमुळे आणखी गुंतागुंतीचं होतं. चिमट्याचं पुढचं टोक मागच्या चाकाच्या आसापेक्षा वर असेल, तर थ्रॉटल उघडल्यावर चाकाचा पुढे ढकलणारा जोर गाडीची मागची बाजू थोडी वर उचलतो आणि भारामुळे बसणाऱ्या शॉकला आधार मिळतो. चिमटा जितका जास्त उतरता, तितका हा आधार जास्त. मागचा शॉक १० मिलिमीटर लांब लावला की रेक घटतो, तोंड खाली झुकतं आणि हा आधारही वाढतो. मागची दातेरी चकती बदलली की साखळीचा कोन बदलतो, आणि साखळी ताणायला चाक मागेपुढे सरकवलं की गाडीची लांबीही बदलते. गियरिंगसाठी केलेल्या बदलाने वळणात गाडी वेगळी वागू लागली, तर चक्रावून जायचं कारण नाही.

डुलण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. एकात फक्त पुढचं टोक आणि हँडल भरभर थरथरतं, सेकंदाला सहा ते दहा वेळा. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी वळवळते, मागच्या बाजूपासून, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि हे बहुधा जास्त वेगावर होतं. ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी १९७१ मध्ये मोटरसायकलीच्या स्थैर्याचं गणित मांडलं. हँडलला डँपर, म्हणजे हालचालीला विरोध करणारा दट्ट्या, लावला की पहिली थरथर शमते, हे त्यातही दिसलं. पण दुसऱ्या वळवळीला तोच डँपर खतपाणी घालू शकतो. त्यामुळे मागच्या बाजूच्या वळवळीवर हँडलचा डँपर घट्ट करत जाणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तिथे चिमट्याचे बुश, मागचा टायर, शॉक आणि वजनाची वाटणी यांकडे वळायला हवं.

टायरविषयी थोडं. जुन्या गाडीला नवा, रुंद टायर लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पुढचं ११०/८० मापाचं अठरा इंची चाक काढून १२०/७० मापाचं सतरा इंची घातलं, तर त्रिज्या सुमारे १७ मिलिमीटरने घटते. त्रिज्येमुळे आणि तोंड खाली आल्यामुळे मिळून ट्रेल साधारण १३ मिलिमीटरने उतरतो. आणि रुंदीचाही हिशोब आहे. गाडी झुकली की टायर टेकण्याची जागा कडेला सरकते, रुंद टायरवर ती जास्त सरकते. त्यामुळे ४५ अंशांच्या वळणासाठी ११० मिलिमीटर रुंद टायरवर सुमारे चार अंश जादा झुकावं लागतं, तर १६० रुंदीवर सहाएक. अरुंद टायरच्या भरवशावर बनवलेल्या जुन्या चौकटीत तेवढी जागाच नसते, खाली काहीतरी घासतं. वर नव्या टायरची जास्तीची पकड त्या चौकटीला अधिक पिळते.

प्रत्यक्ष काम करताना एकच शिस्त उपयोगी पडते. बदल करण्याआधी सगळं मोजून वहीत लिहायचं, रायडर बसल्यावर पुढची-मागची बाजू किती दबते तेही. मग एकावेळी एकच बदल आणि मुद्दाम मोठा; पाचऐवजी दहा मिलिमीटर, म्हणजे दिशा कळते. वाईट वाटलं तर तेही शिकवतं. सुधारणा कुठली, ते घड्याळ सांगेल. गाडीवर विश्वास वाटतो का, ते रायडरला विचारायचं. या दोघांची उत्तरं नेहमी जुळतात असं नाही.

१९६६ आणि १९६७ साली होंडाची चारसिलिंडर ५०० सीसी गाडी ताकदीत भारी होती आणि डुलण्यात कुप्रसिद्ध. तिच्यावर माइक हेलवुड, समोर एमव्ही अगुस्ता या इटालियन कंपनीच्या तीनसिलिंडर गाडीवर जाकोमो अगोस्तिनी. दोन्ही वर्षी जगज्जेतेपद अगोस्तिनीने नेलं. १९६७ मध्ये तर दोघांचे गुण सारखे, जिंकलेल्या शर्यतीही प्रत्येकी पाच, आणि निकाल लागला दुसऱ्या क्रमांकांच्या हिशोबावर. पण त्याच वर्षी आइल ऑफ मॅनवर त्याच अवखळ होंडाला हेलवुडने ताशी १०८.७७ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर सरासरीने एक फेरी काढायला लावली. तो विक्रम १९७५ पर्यंत टिकला.