जंतूचा कॉक किती बंद करायचा?

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, तेव्हा रावेरजवळच्या आमच्या मळ्यात वडिलांनी ठिबकचे कॉक अर्धे बंद केले. निसवलेल्या केळीनं चार दिवसांत पानं खाली टाकली. बांधालगतच्या लिंबाच्या ओळीला काहीच झालं नाही. पाणी तेवढंच कमी, पण एकाच्या जिवावर बेतलं.

क्षयाच्या जंतूबाबत शास्त्रज्ञ नेमकं हेच शोधताहेत: कोणतं जनुक थोडं दाबलं तरी त्याच्या जिवावर बेततं. त्याच्यात सुमारे ४,००० जनुकं आहेत. संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये वाचून झाला. एखादं जनुक काय करतं ते कळायला ते काढून टाकायचं, ही जुनी रीत. पण ज्याच्यावाचून जंतू जगूच शकत नाही असं जनुक काढलं, तर अभ्यासायला जंतूच उरत नाही. म्हणून जनुक न काढता हवं तेवढंच दाबणारा कॉक हवा.

पहिला कॉक जिवाणूंकडूनच मिळाला. त्यांच्यातलं एक प्रथिन डीएनएवर बसून शेजारचं जनुक अडवतं आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध आलं की उठतं. त्याचा उलटा प्रकारही तयार केला गेला: औषध दिलं की बसणारा. २००७ मध्ये क्षय झालेल्या उंदरांना असं औषध देऊन जंतूमधलं नको असलेली प्रथिनं मोडणारं यंत्र बंद केलं, तर फुप्फुसात ठाण मांडून बसलेले जंतूसुद्धा घटले. मला हे फार मोलाचं वाटतं. आमच्या गल्लीतल्या काकूंना सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, त्या अशाच चिवट जंतूंपायी.

दुसरा कॉक क्रिस्परचा. मूळ क्रिस्पर म्हणजे विषाणूंना कापून काढणारी जिवाणूंची कात्री. इथे तिची धार काढून टाकलेली असते. २० अक्षरांचा आरएनए (डीएनएसारखाच एक रेणू) तिला पत्ता दाखवतो, ती तिथे जाऊन नुसती बसते आणि जनुक वाचलं जात नाही. क्षयाच्या जंतूत चांगली चालणारी अशी कात्री मिळाली ती दही लावणाऱ्या एका जिवाणूकडून!

पत्ता थोडा बदलला की कॉक पाव, अर्धा, पाऊण असा फिरवता येतो. काही जनुकं जरा दाबली तरी जंतू मरतो. काही जवळजवळ पूर्ण बंद करावी लागतात. औषध आपलं लक्ष्य शंभर टक्के क्वचितच अडवतं, म्हणून पहिल्या जातीची जनुकं हेरायची. केळीची पानं चार दिवसांत सांगतात. या जंतूला एकाचे दोन व्हायलाच सुमारे २० तास लागतात; प्लेटवर त्याची वसाहत दिसायला तीन-चार आठवडे थांबावं लागतं.