वराहपालनाचं अनुदान : अर्जाआधी शेडचा आराखडा पक्का करा

राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराह प्रजनन केंद्रासाठी प्रकल्प खर्चाच्या ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं. ५० माद्या आणि ५ नरांच्या युनिटला कमाल १५ लाख, १०० माद्या आणि १० नरांना कमाल ३० लाख. एकटा शेतकरी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, संयुक्त दायित्व गट (एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी घेणाऱ्यांचा गट) असे सगळे पात्र आहेत. जमीन स्वतःची किंवा भाडेकराराची चालते. मात्र जमीनखरेदी, भाडं आणि खेळतं भांडवल यांवर अनुदान नाही. प्रशिक्षण किंवा अनुभव हवा, नाहीतर प्रशिक्षित माणूस सोबत हवा.

अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर ऑनलाइनच होतो. आधार, पॅन, रहिवासाचा पुरावा, सातबारा किंवा भाडेकरार, जागेचा फोटो, बँक स्टेटमेंट, रद्द केलेला चेक, प्रशिक्षणाचा दाखला आणि प्रकल्प अहवाल आधीच स्कॅन करून ठेवा. राज्याची यंत्रणा छाननी करते, बँक कर्ज मंजूर करते, मग प्रस्ताव केंद्र सरकारकडे जातो. अनुदान दोन समान हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता काम पूर्ण झाल्याची पाहणी झाल्यावरच.

प्रकल्प अहवालातलं शेडचं पान मात्र दुसऱ्याच्या अहवालातून उतरवू नका. जागा वाचवायला गाभण मादीला तिच्या अंगाएवढ्याच लोखंडी पिंजऱ्यात महिनोन् महिने ठेवायची पद्धत काही जण सुचवतात. तिथे तिला वळताही येत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त ५० रुपयांपर्यंत आहे, पण म्हणून मादीचे हाल कमी होत नाहीत.

आराखड्यात छपराखालची जागा अशी धरा : व्यालेल्या मादीला पिल्लांसह ७ ते ९ चौरस मीटर, नराला ६ ते ७, गाभण किंवा भाकड मादीला प्रत्येकी १.८ ते २.७. शिवाय मोकळं अंगण वेगळं. मादी अंगाखाली पिल्लं चिरडेल ही भीती खरी आहे. ते टाळायला विण्याच्या खोलीत भिंतीपासून आणि जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर आडवा पाइप बसवा. पिल्लांना त्यामागे सरकायला जागा मिळते. हा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच लिहा. कर्ज मंजूर झाल्यावर आराखडा बदलायचा म्हणजे बँकेत पुन्हा खेटे घालावे लागतात.