नेत्रबिंदू, प्रतिजैविक

जीवाणूंमुळे डोळ्याला झालेल्या संसर्गावर थेट डोळ्यात घालायची द्रवरूप औषधे. जीवाणूंना मारणे किंवा त्यांची वाढ थांबवणे हे त्यांचे काम. बोलीत 'थेंब' किंवा 'ड्रॉप्स'. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती 'टीपां' हा शब्दही चालतो. मराठीत टिपे गाळायची असतात ती अश्रूंची, त्यामुळे पुण्याहून आलेली सून 'टीपां घातली का?' या प्रश्नावर जरा थबकते. 'डोळे येणे' याला गुजरातीत 'आंख आववी' असा तंतोतंत जोड आहे. कोणी कोणाकडून घेतला हा प्रश्न उपस्थित केला जातो. पण हिंदीतही 'आँख आना' आहेच, तेव्हा तो या भाषांचा सामाईक ठेवा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पूर्वपीठिका : आयुर्वेदात उघड्या डोळ्यात दोन अंगुळे उंचीवरून औषधाचे थेंब सोडण्याच्या विधीला आश्च्योतन म्हणतात. डोळे येण्याशी मिळताजुळता विकार तेथे अभिष्यंद या नावाने येतो आणि त्यावर दारुहळदीपासून केलेले रसांजन वापरले जाई. दारुहळदीतील बर्बेरीन हे द्रव्य जीवाणूंना रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्यावरून रसांजन हे प्राचीन प्रतिजैविक होय, असा एक पक्ष आहे. मात्र प्रतिजैविक ही संज्ञा सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांसाठी रूढ झाली; रसांजनाला जंतुरोधक वनस्पतिद्रव्य म्हणणे जास्त नेमके. याच काटेकोर निकषाने सल्फासिटामाइड, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही संश्लेषित औषधेही बाहेर पडतात. वैद्यकव्यवहारात मात्र ती प्रतिजैविकांतच धरतात आणि या नोंदीतही तसेच धरले आहे.

उपयोग : पिवळट-हिरवट घट्ट चिपडे आणि सकाळी पापण्या चिकटून डोळा न उघडणे ही जीवाणुजन्य नेत्रश्लेष्मशोथाची, म्हणजे जीवाणूंमुळे डोळे येण्याची, नेहमीची खूण. डोळा लाल होऊन नुसते पाणी वाहत असेल, सोबत सर्दी-घसा असेल, तर कारण बहुधा विषाणू असतो आणि तेथे ही औषधे निरुपयोगी ठरतात. २०२३ च्या पावसाळ्यात गुजरात-महाराष्ट्रात आलेली डोळ्यांची साथ मुख्यतः विषाणुजन्य होती. तरीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मेडिकलवर 'मागच्या वेळचेच ड्रॉप्स द्या' म्हणून कागदी खोके पुढे करणारे कमी नव्हते. सौम्य जीवाणुजन्य प्रकारही बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. थेंबांनी तो थोडा लवकर आटोपतो. रांजणवाडीला सहसा गरम शेक पुरतो.

थेंब घालण्याची रीत : खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की आत लालसर खोबण दिसते, थेंब तेथे पडावा, बुबुळावर नव्हे. या खोबणीत जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव राहतो, आणि बाटलीतून सुटणारा एकच थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे दुसरा थेंब गालावरच ओघळणार. घरोघरी 'दोन-दोन थेंब' घालण्याची जी सवय आहे, तिच्यात औषध वाया जाते, गुण वाढत नाही. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा. नाहीतर औषध अश्रुनलिकेतून नाकात, तेथून घशात उतरते. थोड्या वेळाने घसा कडू लागतो तो यामुळे.

क्लोरॅम्फेनिकॉलचा वाद : ही कडू चव ज्याची सर्वांना ओळखीची आहे ते औषध म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल. व्हेनेझुएलातील मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस वर्गीय जीवाणूपासून ते वेगळे केल्याचे १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४९ च्या सुमारास त्याचे संश्लेषण साधले. नेत्रबिंदूंत त्याचे प्रमाण ०.५ टक्के, मलमात १ टक्का असते. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. कित्येक घरांत ती दाराच्या कप्प्यात लोणच्याच्या बरणीशेजारी उभी असते. पोटातून घेतल्यास हे औषध क्वचित अस्थिमज्जा (हाडांतील रक्त तयार करणारा गाभा) निकामी करते, आणि त्याचे प्रमाण साधारण तीस हजारांत एक असे सांगितले जाते. डोळ्यात घातल्यावरही तो धोका राहतो का, हा प्रश्न १९६५ मध्ये एका अमेरिकन रुग्णवृत्तान्तामुळे पुढे आला. पुढील दोन दशकांत आणखी काही वृत्तान्त आले आणि अमेरिकेत हे थेंब मागे पडले. ब्रिटनमध्ये ते पहिल्या पसंतीचेच राहिले. तेथे १९९८ मध्ये चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्ताचे गंभीर विकार केवळ तिघांत आढळले, आणि २००५ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळू लागले. अमेरिकन पक्षाचे म्हणणे असे की, ही प्रतिक्रिया मात्रेवर अवलंबून नसते, म्हणून धोक्याला थोडे औषधही पुरे. हा मुद्दा तात्त्विकदृष्ट्या खोडता येत नाही. पण मोठ्या संख्येच्या नोंदी पाहता ब्रिटिश पक्ष अधिक भक्कम दिसतो. स्वतःला किंवा घरात कोणाला अस्थिमज्जेचा विकार झाला असेल, तर मात्र दोन्ही पक्षांच्या मते ते टाळावे.

बडोदे : १९०७ मध्ये कोटिभास्कर, गज्जर आणि अमीन यांनी उभारलेली अलेम्बिक ही कंपनी बडोद्याची. पुढे एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन या एकाच कुळातील प्रतिजैविकांमुळे तिचे नाव देशभर झाले. अझिथ्रोमायसिन खुपऱ्यांवर पोटातून देतात. पूर्वी त्यासाठी टेट्रासायक्लिनचे १ टक्का मलम मुलांच्या डोळ्यांत घालत. भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

धोके : नवजात बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर घरचे थेंब घालत बसू नये, गोनोकॉकस किंवा क्लॅमिडिया हे जीवाणू असल्यास पोटातून वा इंजेक्शनने औषध द्यावे लागते. सर्वांत घातक म्हणजे प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले थेंब. त्यांनी लाली एका दिवसात उतरते, म्हणून ते हवेसे वाटतात. पण कापसाची किंवा तुरीची काडी लागून बुबुळावर व्रण पडला असेल आणि त्यात बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइडने ती झपाट्याने पसरते आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. वडसर, पादरा, डभोईकडच्या शेतकऱ्याने अशी इजा झाल्यावर मेडिकलऐवजी थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. व्रण खरवडून तपासल्याशिवाय तेथे कोणते थेंब लागू पडतील हे सांगता येत नाही. जीवाणुजन्य व्रणावर सुरुवातीला दर तासाला, रात्रीही उठून, थेंब घालावे लागतात. उघडलेली बाटली महिन्यानंतर फेकावी, आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.