टाकी फुल्ल म्हणजे नक्की किती फुल्ल?

सध्या गाडीवाले चार लोक एकत्र आले की पाच मिनिटांत विषय ई२० वर येतोच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागलं आणि ॲव्हरेज पडलं, मग लगेच आकडे सुरू, कुणाचं १८ वरून १४ वर आलं, कुणाचं २२ वरून १७ वर, आणि त्यातच एखादा म्हणतो की मला तर काहीच फरक जाणवला नाही. आता यात केमिस्ट्री काय म्हणते ते आधी बघू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी, आणि आपण आधी जे १० टक्केवालं भरत होतो त्याच्या तुलनेत साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई१० वर (म्हणजे त्याच १० टक्केवाल्यावर) कॅलिब्रेट केलेल्या जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. म्हणजे २० देणारी गाडी १९ किंवा अगदी साडेअठरा देईल. १४ वर आली असेल तर एकतर गाडीत दुसरंच काहीतरी बिघडलंय, नाहीतर मोजण्यात गडबड आहे. माझा संशय मोजण्यावर जास्त आहे.

कारण बहुतेक लोक मोजतात कसं, तर ५०० चं टाकलं, काटा दोन घरं चढला, परत तिथे यायला ७० किलोमीटर झाले, झालं ॲव्हरेज. पण काटा हे मोजमाप नाहीच, तो अंदाज आहे. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, टाकी आकाराने वेडीवाकडी असते, आणि पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून रीडिंग मुद्दाम संथ केलेलं असतं. चढावर एक घर जास्त, उतारावर एक घर कमी, आणि त्या एका घरात कधीकधी चार-पाच लिटर पेट्रोल असतं.

त्यापेक्षा जुनी पद्धत कितीतरी बरी, टाकी ते टाकी. एकदा फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचं, गाडी चालवायची, परत फुल्ल करायची आणि दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढे वापरले असं धरायचं. यातली गंमत अशी की टाकीत एकूण किती पेट्रोल आहे हे आपल्याला माहीत असायची गरजच नाही, फक्त दोन्ही वेळा पातळी एकच पाहिजे. आता ती खरंच एकच असते का, सगळा प्रश्न तिथे आहे.

पंपावरच्या नोझलच्या टोकाशी नीट बघितलं तर एक बारीक भोक दिसतं. तिथून एक पातळ नळी आत हँडलपर्यंत जाते. हँडलमध्ये पेट्रोल एका अरुंद गळ्यातून जोरात जातं, आणि द्रव अरुंद जागेतून वेगाने गेला की तिथला दाब कमी होतो, हा व्हेंच्युरी परिणाम (इटलीच्या जियोव्हानी बातिस्ता व्हेंच्युरी यांच्यावरून नाव पडलंय, अठराव्या शतकातले गृहस्थ, त्यांनी पेट्रोल पंप बघितलाच नव्हता). त्या कमी दाबामुळे भोकातून हवा सतत आत ओढली जाते. पेट्रोल चढत चढत भोकापर्यंत आलं की हवा बंद, नळीतला दाब एकदम पडतो, आतला एक पातळ पडदा खेचला जातो, खटका सुटतो आणि व्हॉल्व्ह बंद, यालाच कट म्हणतात. सगळं निव्वळ यांत्रिक आहे, ना सेन्सर ना वायर, आणि म्हणूनच पेट्रोलच्या वाफेत ते सुरक्षित आहे.

पण हे यंत्र टाकी भरली का ते बघतच नाही, भोकाला द्रव लागला का एवढंच त्याला कळतं. त्यामुळे नोझल पूर्ण आत खुपसलं की कट लवकर येतो, अर्धवट धरलं की उशिरा. पंपवाल्याने ट्रिगर पूर्ण दाबला तर प्रवाह जोरात, मग शिंतोडे आणि फेस उडून आधीच कट. फारच हळू सोडलं तर ओढ इतकी कमी पडते की कट वेळेवर येईलच याची खात्री नाही. डिझेलवाल्यांना तर हे चांगलंच माहितीये, डिझेल दुधासारखं फेसाळून वर येतं, कट होतं, दोन मिनिटांनी फेस बसला की अजून बरंच मावतं.

त्यात टाकीचा आकार. गाडीखाली बसवायची म्हणून टाकी पसरट असते. समजा ५० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद, तर पातळीतला एक सेंटिमीटर म्हणजे अडीच लिटर! पंपाची फरशी पाणी वाहून जावं म्हणून थोडी उतरतीच असते, गाडी एका बाजूला जरा कलली की टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हवेचा कप्पा अडकतो आणि भरायच्या नळीत पेट्रोल आधीच वर येतं. म्हणून शक्यतो तोच पंप, तेच मशीन, गाडीचं तोंड त्याच दिशेला, नोझल पूर्ण आत आणि पहिल्या कटला थांबायचं. सगळ्यात अवघड हे शेवटचंच, कारण कट झाल्या झाल्या पंपवाला विचारतो, साहेब राउंड फिगर करू का? आणि आपण मान हलवतो. तो मग थेंब थेंब करत ३,२८७ चे ३,३०० करतो, कधीकधी त्याहून बराच पुढे जातो. हिशोबासाठी ते वाईट आहेच पण गाडीसाठीही वाईट, टाकीच्या वरची रिकामी जागा पेट्रोल तापून फुगलं तर मावावं म्हणून ठेवलेली असते. पेट्रोल एका डिग्रीला साधारण ०.१ टक्का फुगतं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल भरून गाडी भर मे महिन्यात उन्हात उभी केली तर ३७ लिटरमागे अर्धा लिटर सहज वाढेल. वाफ शोषायला कोळशाचा कॅनिस्टर दिलेला असतो, त्यात द्रव पेट्रोलच गेलं की तो खराब होतो.

याच रिकाम्या जागेमुळे ते दुसरं भांडण होतं. गाडीच्या पुस्तकात टाकी ३७ लिटरची आणि मीटरवर ३९ लिटर पडलं, चोर आहेत साले! असेलही एखादा चोर, पण या पुराव्यावर नाही. पुस्तकातला आकडा हा कंपनीने सांगितलेला, वरची जागा आणि भरायची नळी सोडून धरलेला असतो, काठोकाठ भरली तर जास्त मावणारच. खरा संशय असेल तर पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागायचा आपल्याला हक्क आहे, ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक कायद्याला चालतो, त्यापुढे नाही.

एवढं सगळं पाळूनही समजा दोन वेळच्या फुल्लमध्ये अर्ध्या लिटरचा फरक राहिलाच. आता हा अर्धा लिटर तुम्ही ५ लिटर वापरून मोजलंत तर १० टक्क्यांची चूक. ई२० ची सगळी घट त्यात बुडून जाईल. ३५ लिटर वापरून मोजलंत तर दीड टक्क्याच्या आत. आणि चार टाक्या, म्हणजे १४० लिटर एकत्र धरले तर अर्धा टक्काही नाही. चूक लिटरमध्ये तेवढीच राहते, ती दर टाकीला साठत जात नाही, कारण मधल्या टाकीला जास्त भरलं असेल तर पुढच्या वेळी तेवढंच कमी बसतं. म्हणजे मधे कुठेही, कितीही, ५०० चं काय २०० चं काय, टाका, फक्त पावतीवरचे लिटर लिहून ठेवा. नीट फुल्ल करायची ती फक्त पहिली आणि शेवटची वेळ. आणि शेवटी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, प्रत्येक टाकीच्या ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका. ३०० किलोमीटर हायवेला १५ लिटर लागले म्हणजे २०, आणि ३०० सिटीत २५ लिटर लागले म्हणजे १२, दोघांची सरासरी १६ येते, पण खरं उत्तर ६०० भागिले ४०, म्हणजे १५.

बरं, कंपन्या जो आकडा सांगतात त्यात टाकीचा संबंधच येत नाही. पुण्यात वेताळ टेकडीला लोक एआरएआयची टेकडी म्हणतात ती ज्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेमुळे, तिथे गाडी रोलरवर चढवून चालवतात. आपल्याकडच्या चाचणीच्या ठरलेल्या चक्रात गाडी वीसेक मिनिटांत साडेदहा किलोमीटरच्या आसपास धावते, वेग जास्तीत जास्त ९०. एवढ्यात पेट्रोल जळतं अर्धा लिटर, ते टाकीच्या पातळीवरून कुठला देव मोजणार? म्हणून सायलेन्सरमधून येणारा धूर गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनात जेवढा कार्बन गेला तेवढा धुरातून बाहेर आलाच पाहिजे, त्यावरून लिटर उलटे काढायचे. मला ही पद्धत जाम आवडते.

लिटरकडे एवढं लक्ष दिलं की किलोमीटर विसरायला होतं. मीटर चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, घासून कायद्याच्या १.६ वर आली की चाकाची त्रिज्या ६ मिलिमीटरने कमी, म्हणजे २ टक्के. गुळगुळीत टायर त्याच अंतरात जास्त फिरतो, मीटर जास्त दाखवतो, ॲव्हरेज उगाच छान येतं, आणि नवे टायर टाकले की पडतं. एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या बोर्डांशी ५० किलोमीटर ताडून बघितलं की आपला मीटर किती खोटं बोलतो ते कळतं.

टू-व्हीलरची गोष्ट जास्त नाजूक. ॲक्टिव्हाची टाकीच ५.३ लिटरची, आणि तिथे कटची वाट न बघता पंपवाला डोळ्यांनी बघून थांबतो. एकदा साइड स्टँडवर भरली आणि एकदा डबल स्टँडवर, की गेलं सगळं, ४ लिटरात २०० मिलीचा फरक म्हणजे ५ टक्के. या बाबतीत जुन्या कार्बोरेटरच्या बाइक सरस होत्या. टाकीत दोन नळ्या, एक उंच आणि एक आखूड, पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी गचके देत बंद पडायची आणि कॉक रिझर्व्हला फिरवायचा. रिझर्व्हला लागली की मोजून लिटरभर टाकायचं आणि परत रिझर्व्हला लागेपर्यंत चालवायची, पातळी त्या नळीच्या उंचीने पक्की बांधलेली. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना तो कॉक नाही, आणि टाकी कोरडी करून बघू पण नका, आतला पंप त्या पेट्रोलनेच गार राहतो.

सीएनजीवाल्यांना तर फुल्ल ही गोष्टच धड मिळत नाही. २०० बारचा दाब म्हणायचा, पण रांग मोठी असली की १८० लाच थांबतं, तिथे जवळपास १० टक्के गॅस कमी. शिवाय भराभर भरताना सिलिंडर तापतो आणि त्याच दाबाला वजनाने कमी गॅस बसतो. त्यामुळे त्यांनी एका टाकीवरून काही ठरवूच नये, दोन-तीन महिन्यांच्या पावत्यांवरचे किलो एकत्र करावेत, आणि त्यात पेट्रोलही धरावं, कारण बऱ्याच गाड्या सुरू होताना आधी थोडा वेळ पेट्रोलवर चालतात, आणि दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर हे पेट्रोल दिसतं त्याहून बरंच जास्त होतं.