यशवंत तलाव, तोरणमाळ

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यातील तोरणमाळ पठारावरचा गोड्या पाण्याचा तलाव आणि त्याच्या काठची वस्ती. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून अधिक आहे. शहाद्याच्या बाजूला केळी, ऊस आणि कापसाचा सपाट मुलूख मे महिन्यात भाजून निघत असतो, तेव्हा सातपायरी घाटाची वळणे चढून वर आले की हवाच बदलते. खानदेशातली माणसे उन्हाळ्यात इथे येतात ती या गारव्यासाठी. हिवाळ्यात मात्र याच गारव्याचा कडाका होतो. काही पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे पडते.

तोरणमाळ हे नाव तोरणीच्या झुडपांवरून पडले असे मानतात. तोरणादेवीचेही नाव सांगतात. पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. सातपुड्याच्या या भागात दक्षिण उतारावरचे पाणी तापीला जाते, उत्तरेकडचे नर्मदेला. जवळच कमळांनी भरणारा कमळ तलाव आणि सीताखाई ही खोल दरी आहे. पावसाळ्यात दरीत धबधबे कोसळतात आणि ढग खालून वर चढताना दिसतात. सहलीला येणारा माणूस यशवंत तलावात नाव फिरवतो, काठाने चालतो, संध्याकाळी सीताखाईच्या कड्यावर जातो आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरतो.

काठाची वस्ती दोन प्रकारची आहे. पर्यटन महामंडळाची निवासस्थाने, वनखात्याचे विश्रामगृह, चहा-भज्यांच्या टपऱ्या ही पाहुण्यांसाठीची. खरी वस्ती पाड्यांची, मुख्यतः पावरा आणि भिल्ल कुटुंबांची. मैदानी गावासारखी घराला घर लागून इथे नसते. प्रत्येक घर आपल्या शेताजवळ उभे असते आणि हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दुसरे. बांबूच्या तट्ट्यांना माती-शेणाचा गिलावा देऊन भिंती करतात, वर कौले घालतात. लाकडी खांबांवरचा घराचा सांगाडा शेजारपाजारचे मिळून उभारतात. अशा घरात उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत चुलीची ऊब टिकते. याच तलावाकाठी सिमेंटच्या खोल्या बांधताना हे शहाणपण फारसे कोणी विचारात घेतले नाही, याची खंत वाटते.

शेती पावसावरची: मका, ज्वारी, भगर, तूर. आंब्याच्या दिवसांत कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर करतात. घरोघरच्या अंगणात कैरीच्या फोडी पसरलेल्या असतात आणि आंबूस वास दूरवर येतो. धडगाव भागाचे आमचूर दूरच्या बाजारपेठांत जाते. मोहाची फुले, चारोळी आणि सीताफळे यांचाही घरखर्चाला आधार असतो.

तरीही एवढ्यावर वर्ष निघत नाही. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे किंवा सपाटीवर जातात. म्हणून हिवाळ्यात तलावाकाठी पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा पाड्यांवरच्या अनेक घरांची दारे बंद असतात आणि मागे म्हातारी माणसे व गुरे राहतात. तलाव पाहायला येणाऱ्याला ही बंद दारेही दिसली पाहिजेत.

गोरखनाथाच्या मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून भाविक येतात. बरेच जण पायी चढतात. त्यानंतर पंधरवड्याने होळी येते. सातपुड्यात तिचे मोल दिवाळीहून जास्त आहे. बाहेर गेलेली माणसे होळीला घरी पोचतातच, मग मुकादमाचे काही म्हणणे असो. अंगभर रंगाचे ठिपके, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या पाड्यापाड्यांतून नाचत निघतात, आणि बंद घरांची दारे पुन्हा उघडतात.